डुगडुगणारं, खिळखिळं, बेभरवशाचं : इंग्रजीत कुठे कोणता शब्द?

अर्धविराम
घडीच्या शिडीच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद आणि एका ऑफिसातल्या तक्रार-नोंदींचं इंग्रजी संपादन, अशी दोन कामं सध्या हातात आहेत आणि दोन्हीकडे दुखणं एकच आहे. मराठीत आणताना वॉब्ली, शेकी, रिकेटी, अनस्टेबल, प्रिकेरिअस या सगळ्यांचं सरसकट 'अस्थिर' होऊन जातं. उलट दिशेला डुगडुगणाऱ्या स्टुलापासून लहरी साहेबापर्यंत सगळ्यांना 'अनस्टेबल' म्हणून आपण मोकळे होतो. शब्दकोशाचा फारसा उपयोग नाही, तो एका शब्दासमोर दुसरे पाच ठेवतो. आपापल्या कामात हे शब्द रोज लागतात त्यांनी कुठला कुठे चालतो आणि कुठे फसतो ते लिहावं.

शिडीची अडलेली वाक्यं अशी:
१. डू नॉट यूज ऑन अनस्टेबल ऑर अनईव्हन ग्राउंड.
२. इफ द लॅडर फील्स वॉब्ली, चेक द लॉक्स.
३. डिस्कार्ड अ रिकेटी लॅडर.
४. नेव्हर लीन आउट फ्रॉम अ प्रिकेरिअस पोझिशन.

रंधा
फर्निचरपुरतं सांगतो. शब्दाच्या आधी बघायचं की हलतंय काय. जमीन, पाय, सांधा की लाकूडच?

वॉब्ली म्हणजे बसल्या जागी हलणारं. दोष वस्तूत असेलच असं नाही. चार पायांचं नवंकोरं टेबल उंचसखल शहाबादी फरशीवर ठेवलं की वॉब्ली होतं, तेच गुळगुळीत टाइल्सवर गप्प बसतं. रिकेटी म्हणजे सांधे सुटलेलं, आपलं खिळखिळं. ते कुठेही ठेवा, हलणारच.

ओळखायचं असं: खुर्चीच्या बैठकीचे समोरासमोरचे दोन कोपरे धरून आडवा जोर द्या. सांगाडा ताठ राहिला आणि फक्त एक पाय उचलला गेला तर ती वॉब्ली. सांगाडाच तिरपा होऊन कुरकुरला तर रिकेटी. उपायही वेगळे. पहिलीला पायाखाली चकती पुरते. दुसरी सोडवायला लागते, जुना सरस खरवडून लाकूड उघडं करायचं, नवा लावायचा आणि शिकंजात घट्ट धरून एक दिवस ठेवायची. जुन्या सरसावर नवा ओतला तर तो धरत नाही, कारण तो लाकडात मुरतच नाही. वरून खिळे ठोकले तर महिन्याभरात भोकं मोठी होतात आणि खुर्ची आधीपेक्षा जास्त हलते.

फ्लिम्सी हा मालाचा दोष: पत्रा पातळ, प्लाय हलकं. 'तकलादू' अगदी चपखल. दुकानातली नवी वस्तू फ्लिम्सी असू शकते, पण रिकेटी व्हायला ती वापरून झिजावी लागते. शॉडी हा कामाचा दोष, माल चांगला असूनही काम शॉडी असू शकतं. रॅमशॅकल एका खुर्चीला नाही म्हणत. ते अख्ख्या घराला, गोठ्याला किंवा जुनाट गाडीला, म्हणजे मोडकळीला आलेल्या वस्तूला.

खडूफळा
रंधा, +१. थोडी भर. तीन पायांचं स्टूल कधीच वॉब्ली होत नाही, कारण कुठल्याही तीन बिंदूंमधून एक प्रतल जातंच. तिन्ही पाय टेकणारच. पण तेच स्टूल कलंडतं लवकर, कारण टेकूंचा त्रिकोण लहान असतो आणि वजन जरा कडेला गेलं की गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाबाहेर पडतो. म्हणजे ते वॉब्ली नाही, पण अनस्टेबल आहे. चार पायांचं डुगडुगणारं जड टेबल याच्या उलट: वॉब्ली आहे, पण कलंडत नाही, म्हणून स्टेबल. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नयेत ते यासाठी.

जाता जाता: वॉब्ली टेबल थिअरम म्हणून गणितात खरोखरच एक सिद्धान्त आहे. चौरस टेबलाचे पाय सारखे असतील आणि जमीन उंचसखल पण सलग असेल, म्हणजे मध्ये पायरी नसेल आणि चढउतार फार तीव्र नसतील, तर टेबल जागच्या जागी ९० अंशांच्या आत फिरवलं की कुठेतरी चारही पाय टेकतात. टेबलाचा वरचा भाग तेव्हा समपातळीत असेल याची मात्र हमी नाही, चहा कलंडू शकतो. पाय लहानमोठे असतील तर सपाट फरशीवर कितीही फिरवा, फुकट मेहनत.

नांगर
खडूफळा यांनी सांगितलेला फरक जहाजावर अजून टोकाला जातो. तिथे अनस्टेबल हा शब्द सैल हाताने लिहिला तर चौकशी लागेल.

जहाज कलल्यावर परत सरळ व्हायला किती जोर लावतं ते मेटासेंट्रिक उंचीवर, म्हणजे जहाज ज्या बिंदूभोवती डुलतं तो त्याच्या गुरुत्वमध्याच्या किती वर आहे यावर ठरतं. ती कमी असेल तर जहाज टेंडर: हळूहळू कलतं, बराच वेळ तिथे रेंगाळतं, सावकाश परत येतं. ती जास्त असेल तर जहाज स्टिफ: झटक्यानं कलतं, झटक्यानं परत. प्रवाशाला स्टिफ जहाज जास्त डगमगतं असं वाटतं. मळमळ, भांडी घसरणं, मालाचे दोर तुटणं हे सगळं तिथेच. पण पुन्हा सरळ होण्याची ताकद त्याचीच जास्त. टेंडर जहाज सुखाचं वाटतं आणि धोक्याच्या जवळ असतं. अनस्टेबल फक्त तेव्हा म्हणायचं जेव्हा ती उंची ऋण झालेली असते. मग जहाज सरळ उभंच राहत नाही, एका बाजूला कलून थांबतं. त्याला अँगल ऑफ लॉल म्हणतात. अशा वेळी वर आलेल्या बाजूला वजन टाकून ते सरळ करायला गेलात तर ते धाडकन दुसऱ्या बाजूला जाऊन पडतं. आधी वजन खाली न्यायचं असतं.

लहान होडीला टिपी म्हणतात, पाऊल टाकलं की कलणारी. कोकणातल्या होडीची उलांडी, म्हणजे बाजूला बांधलेला तरंगता ओंडका, हा याच टिपीपणावरचा उपाय.

अर्धविराम
वा. नांगर, म्हणजे 'शेकी' जहाजाला लागूच नाही?

नांगर
जहाजाला नाही. इंजिनाच्या कंपनाला व्हायब्रेशन, जहाजाच्या डावी-उजवीकडच्या डुलण्याला रोलिंग आणि पुढे-मागे वरखाली होण्याला पिचिंग. शेकी म्हणजे बारीक आणि भराभर थरथरणारं. हात, आवाज, कॅमेरा धरून काढलेलं चित्रण.

शेरा
ऑफिसातल्या इंग्रजीबद्दल. अर्धविराम, तुमच्या तक्रार-नोंदींमध्ये माणसांबद्दल 'अनस्टेबल' असेल तर पहिल्यांदा ते काढा. माणसाला अनस्टेबल म्हटलं की अर्थ थेट मानसिक आरोग्याकडे जातो. ज्याला आपण 'कामात सातत्य नाही' म्हणतो तो इनकन्सिस्टंट. एक आठवडा दहा कामं, पुढच्या आठवड्यात शून्य, मध्येच गायब, असा ज्याचा काही नेमच नाही तो इरॅटिक. आपलं 'धरसोड' या दोघांच्या मध्ये कुठेतरी येतं. अनसेटल्ड म्हणजे अजून रुळलेला नाही, त्यात दोष काहीच नाही.

फ्लेकी हा अमेरिकी: येतो म्हणतो, येत नाही, ठरवतो, विसरतो. बोलताना ठीक, मूल्यमापनाच्या कागदावर नको. कागदावर 'मिस्ड फोर ऑफ सिक्स डेडलाइन्स' लिहा. विशेषणावर वाद घालता येतो, चाराला सहानं भागल्यावर वाद उरत नाही.

फिकल म्हणजे ज्याची मर्जी फिरते असा: प्रेक्षक, ग्राहक, मतदार. वेव्हरिंग म्हणजे निर्णयापाशी घुटमळणारा, तळ्यात-मळ्यात. हा माणूस बेभरवशाचा असेलच असं नाही, त्याचं फक्त ठरलेलं नसतं. शिफ्टी वेगळाच, तो नजर चुकवणारा आणि त्याच्यावर लबाडीचा आरोप आहे. 'शिफ्टी' आणि 'शिफ्टिंग' यांत गल्लत झालेली पाहिली आहे. 'ही हॅज शिफ्टी ओपिनियन्स' असं लिहिलं तर मत बदलणाऱ्याला आपण लबाड ठरवून बसतो.

कॅप्रिशस सांभाळून वापरा. मासिकातल्या लेखात तो लहरी. कायद्यात तसा हलकाफुलका नाही. अमेरिकेच्या १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यात 'आर्बिट्ररी, कॅप्रिशस' ही सरकारी निर्णय रद्द करण्याची कसोटी आहे. तिथे 'मनमानी' लिहायचं, 'लहरी' नाही.

थेम्सकाठ
इंग्लंडातल्या बोलीतले काही शब्द, कारण इथे नव्यानं आलेले मराठी लोक नेमके यांनीच गोंधळतात.

डॉजी: भयंकर उपयोगी आणि भयंकर मोघम. डॉजी नी म्हणजे दुखरा, कधी दगा देईल सांगता येत नाही असा गुडघा. डॉजी वायरिंग म्हणजे धोक्याची. डॉजी प्रॉन्स म्हणजे पोट बिघडवणारी कोळंबी. डॉजी माणूस म्हणजे ज्याच्याशी व्यवहार करू नये असा. इराक युद्धाच्या आधी फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारनं पत्रकारांना दिलेलं टिपण 'डॉजी डॉसिए' म्हणूनच ओळखलं जातं. औपचारिक तक्रारीत हा शब्द टाळा. घरमालकाला 'द वायरिंग इज डॉजी' कळवलं तर तो मान डोलावून विसरतो. 'द सॉकेट स्पार्क्स व्हेन अ प्लग इज इन्सर्टेड' लिहिलं तर त्याला हलावं लागतं.

वॉन्की: तिरकं, वाकडं. भिंतीवरचं चित्र वॉन्की, सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं चाक वॉन्की. अमेरिकेत याच शब्दाला धोरणं-आकडे चघळणाऱ्या पंडिती लेखनाचाही अर्थ आहे.

इफी: जर-तरचं. फ्रिजमधलं दूध इफी म्हणजे वास घेऊन बघा. टेंपरॅमेंटल हा यंत्रांना सर्रास लावतात: बॉयलर चालू होतो, पण त्याच्या मर्जीनं. आणि 'अ बिट' जोडलं म्हणून थोडंसं समजू नका. मेकॅनिक 'ब्रेक्स आर अ बिट डॉजी' म्हणाला तर गाडी तिथेच ठेवून या.

थ्रो अ वॉब्ली म्हणजे थयथयाट करणं. लहान मुलाचा हलणारा दात मात्र साधा वॉब्ली टूथ.

यारातीर
ऑस्ट्रेलियातून एकच: शॉन्की. वस्तू, सेवा, दुकानदार यांपैकी कोणालाही, निकृष्ट आणि वर फसवणुकीचा वास. चॉईस ही ग्राहक संघटना २००६ पासून दरवर्षी 'शॉन्की' पुरस्कार देते, अर्थात ते कोणालाच नको असतात.

टेस्टकेस
सॉफ्टवेअरमध्ये यांतले निम्मे शब्द पारिभाषिक झाले आहेत, त्यामुळे तिथे भाषेची हौस करू नये.

फ्लेकी टेस्ट: कोडमध्ये काहीही बदल नसताना कधी पास, कधी फेल होणारी चाचणी. गुगलनं २०१६ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्या एकूण चाचणी-फेऱ्यांपैकी सुमारे १.५ टक्के निकाल फ्लेकी येतात आणि जवळपास १६ टक्के चाचण्यांमध्ये थोडाफार फ्लेकीपणा असतो. कारणं ठरलेली: उत्तर यायची वाट न बघता ठरावीक दोन सेकंद थांबणं, एका चाचणीनं मागे ठेवलेला डेटा दुसरीला लागणं, घड्याळ किंवा टाइमझोनवर अवलंबून असणं, बाहेरच्या सर्व्हरला हाक मारणं. ओळखायला तीच चाचणी त्याच कोडवर वीसेक वेळा चालवा, मग क्रम उलटसुलट करून चालवा. क्रम बदलल्यावरच फुटत असेल तर डेटा सांडतोय.

सगळीकडे हाच शब्द नाही. प्रॉडक्टमध्येच मधूनमधून येणारा दोष असेल तर नोंदीत इंटरमिटंट लिहायचं आणि शेजारी '२० पैकी ३ वेळा' असा आकडा द्यायचा. 'द ॲप इज फ्लेकी' ही नोंद डेव्हलपर 'माझ्याकडे चालतंय' म्हणून बंद करतो, आणि त्याची चूक नसते.

नेटवर्क: वेग कमी असेल तर स्लो. एका खोलीत येतं, दुसरीत नाही, तर पॅची. मधूनच जातं-येतं तर फ्लेकी. राउटरचा दुवा सारखा चालू-बंद होत असेल तर फ्लॅपिंग. आवाज तुटक येत असेल तर जिटर, म्हणजे डेटाची पाकिटं पोचण्याच्या वेळांमधला फरक. तो ३० मिलिसेकंदांच्या आत असला की कॉलवर सहसा जाणवत नाही. सेवा-केंद्राला फोन करताना यांतला नेमका शब्द सांगितला तर 'राउटर बंद करून चालू करा' या पायरीच्या पुढे जायची शक्यता वाढते.

आणि डेबियन लिनक्स या संगणकप्रणालीच्या 'अनस्टेबल' शाखेचा अर्थ 'सारखी कोसळणारी' असा नाही. तिथे पॅकेजेस रोज बदलतात, एवढंच. 'स्टेबल' म्हणजे न बदलणारी. भाषांतरात 'अस्थिर' लिहिलं तर वाचणारा घाबरतो, 'बदलती' लिहा.

नाडी
वैद्यकातले फसणारे शब्द अनेक आहेत. सगळ्यात महत्त्वाचा आपल्याकडचा 'चक्कर'. मुलांकडे परदेशी गेलेले आईवडील डॉक्टरला 'गिडी' सांगतात. भारतात डॉक्टर स्वतः 'गिडीनेस' लिहितात, पण अमेरिकेत गिडी म्हणजे मुख्यतः आनंदानं हुरळलेला. डॉक्टर समजून घेईल, पण वेळ जातो. त्यापेक्षा असं वेगळं करा:

खोली किंवा आपण गरगर फिरतोय: व्हर्टिगो, किंवा साधं 'स्पिनिंग'. अंथरुणात कूस बदलल्यावर सुरू होऊन मिनिटाच्या आत थांबत असेल तर तेही सांगा, त्यावरून कानाच्या आतल्या एका नेहमीच्या दुखण्याची शंका घेतली जाते.

डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडतो असं होणं: 'अबाउट टू फेंट'. उठून उभं राहिल्यावर होतं का, रक्तदाबाची गोळी बदलली आहे का, हे जोडा.

डोकं ठीक, पण पाय धड पडत नाहीत, भिंत धरून चालावं लागतं: 'अनस्टेडी ऑन माय फीट'. या धाग्यातला अनस्टेडी खरा इथला.

हातपाय थरथरतात, घाम, भूक: 'शेकी'. मधुमेही माणसानं हा शब्द उच्चारला की साखर तपासायची. ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे पाण्यात, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. पेढा-बर्फी चालत नाही असं नाही, पण तुपा-माव्यामुळे साखर रक्तात उशिरा जाते.

औषधाची गुंगी उतरलेली नाही: ग्रॉगी. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्ननच्या हुकमावरून ब्रिटिश खलाशांची रम पाणी घालून मिळू लागली, तिला ग्रॉग म्हणायचे. हा शब्द त्यातला.

चक्करीचे चार प्रकार १९७२ पासून शिकवले जातात, वरचे पहिले तीन त्यांतलेच. आता डॉक्टर त्याहीपेक्षा 'कधी होते, किती वेळ टिकते, कशानं सुरू होते' यावर भर देतात, तेव्हा शब्द नाही आठवला तरी ही तीन उत्तरं तयार ठेवा. आणि हे सगळं अचानक सुरू झालं, सोबत बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं किंवा एक हात लुळा पडतोय, तर शब्द शोधत बसू नका, थेट ॲम्ब्युलन्स.

रिपोर्टात दिसणारे दोन: लेबाइल बीपी म्हणजे सारखा वरखाली होणारा रक्तदाब. अनस्टेबल अँजायना म्हणजे विश्रांतीतही येणारं किंवा वाढत चाललेलं छातीचं दुखणं. इथला अनस्टेबल म्हणजे रुग्णालयात न्या, असाच वाचायचा.

मुद्रितशोधक
रिकेटीचं मूळही नाडी यांच्याच खात्यातलं. रिकेट्स म्हणजे मुडदूस. ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होतात, पाय वाकतात. फ्रान्सिस ग्लिसननं १६५० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि पुढे हे विशेषण इमारती-फर्निचरलाही लागलं. म्हणून रिकेटीत पायांचा, सांध्यांचा अशक्तपणा आहे. पातळ कापड रिकेटी होत नाही.

प्रिकेरिअसला 'अस्थिर' मुळीच पुरत नाही. रोमन कायद्यात विनंतीवरून दिलेली आणि मालक कधीही काढून घेऊ शकेल अशी जमीन, तिथून हा शब्द आला. त्यात सतत दुसऱ्याच्या मर्जीवर किंवा एका बारीकशा आधारावर लोंबकळणं आहे. कंत्राटी नोकरी प्रिकेरिअस: टांगती, आज आहे उद्या नाही. कड्याच्या टोकावरचा दगड प्रिकेरिअस: तो सध्या अजिबात हलत नसतो, वॉब्ली नसतो. 'अधांतरी' पुष्कळदा बसतो.

टेन्युअस दाव्यांना आणि संबंधांना: ओढूनताणून आणलेला. शेकी पुराव्याला: कच्चा. 'बिनबुडाचा' मात्र बेसलेस, तो पुरावा शेकीसुद्धा नसतो.

रंधा
जेरी-बिल्ट आणि जुरी-रिग्ड राहिलेच.

मुद्रितशोधक
जेरी-बिल्ट म्हणजे बिल्डरनं पैसे वाचवून उभारलेलं भिकार बांधकाम, शिवीच ती. जुरी-रिग्ड जहाजावरचा: डोलकाठी मोडली की हाताला लागेल त्यानं तात्पुरती उभी करायची. तिथे कौतुकही असतं, आपला जुगाड. हल्ली दोन्हीची खिचडी 'जेरी-रिग्ड' कोशांतही आली आहे, पण संपादन करताना कौतुक आहे की शिवी ते बघून एकच ठेवा.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. शिडीची वाक्यं आता अशी केली आहेत, बघा:
१. शिडी भुसभुशीत किंवा उंचसखल जमिनीवर वापरू नका.
२. शिडी डुगडुगते आहे असे वाटल्यास खटके तपासा.
३. खिळखिळी झालेली शिडी वापरातून काढून टाका.
४. तोल जाईल अशा स्थितीत बाजूला झुकू नका.

रंधा
पहिल्यात 'भुसभुशीत' एवढंच नको, सुटी फळी, विटांचा थर, गाडीचा हौदा हेही अनस्टेबल ग्राउंडच. 'शिडी पक्क्या, सपाट जागीच उभी करा' असं सरळ लिहा. दुसऱ्यात माणूस वर उभा राहूनच खटके तपासायला वाकेल. 'आधी खाली उतरा' मुळात नाही, पण कंपनीला विचारून घाला. तिसरं उत्तम, ॲल्युमिनियमच्या शिडीत रिव्हेट सैल होतात, तेही खिळखिळंच, आणि ते ठोकून परत बसत नाहीत.

चौथं मोघम आहे. वापरणाऱ्याला मोजता येईल असं द्या: कमरेच्या पट्ट्याचं बक्कल दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर जाता कामा नये. आणि पत्रकात कुठे 'चार फूट उंचीला एक फूट अंतर' असं असेल तर ते भिंतीला टेकवायच्या शिडीचं आहे. घडीच्या शिडीला ते लागू नाही, तिथे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पूर्ण ताणून खटका बसल्याचा आवाज यायला हवा.

अर्धविराम
चार-एकचं वाक्य आहे खरं, पान तीनवर. कंपनीला कळवतो.